सर्व्हरचा ‘खाडा’ कुणाच्या हिशोबात? क्लाउडच्या करारात ९९.९ टक्क्यांचं वचन, पण रांगेतल्या माणसाचं नाव त्यात नाही

गारखेडा (छत्रपती संभाजीनगर) : “सर्व्हर डाऊन आहे काका, उद्या या.”

कन्नड असो, वैजापूर असो, सिल्लोड असो की पैठण, हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आता सापडणार नाही. पूर्वी ‘साहेब मीटिंगला गेलेत’ असं ऐकायला मिळायचं, आता सर्व्हर डाऊन असतो. फरक एवढाच, की साहेब निदान दिसायचे तरी. सर्व्हर कुठं आहे, तो कुणाचा आहे आणि तो बंद पडला तर जाब कुणाला विचारायचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

गारखेडा परिसरात सूतगिरणी चौकाच्या आजूबाजूला खोली करून राहणारी कितीतरी पोरं आपल्या तालुक्यांतली आहेत. इकडं पोरगं भरतीचा फॉर्म भरायला बसतं, तिकडं गावाकडं बाप पीक विम्यासाठी सेवा केंद्रात उभा असतो. दोघांच्याही समोर स्क्रीनवर तेच गोल चक्र फिरत असतं. दोघांनाही शेवटच्या तारखेची धास्ती असते.

या गोल चक्रामागं एक कागद असतो. त्याला इंग्रजीत सर्व्हिस लेव्हल ॲग्रीमेंट म्हणतात, थोडक्यात एसएलए. मराठीत सेवा पातळी करार. नाव अवघड आहे, पण गोष्ट आपल्या ओळखीची आहे. आज तीच समजून घेऊ, कारण आपला बुडालेला दिवस याच कागदाशी जोडलेला आहे.

सालगड्याचा करार आठवा

गुढीपाडव्याला सालगडी ठेवताना काय ठरतं? सालाचे पैसे किती, धान्य किती, सणावाराच्या सुट्ट्या किती, आणि खाडा झाला तर पैसे किती कापायचे. मालकालाही माहीत असतं की माणूस आहे, आजारी पडणार, पाहुण्यांकडं जाणार. म्हणून ‘एकही खाडा होणार नाही’ असं कुणी ठरवत नाही. किती खाडे चालतील आणि त्यापुढं काय, एवढं ठरवतात.

एसएलए म्हणजे नेमकं हेच. आमचं मशीन कधीच बंद पडणार नाही, असं कंपनी लिहून देत नाही. महिन्याला इतका वेळ चालू राहील, त्याहून जास्त खाडा झाला तर बिलातून इतकं कापून देऊ, असं लिहून देते.

आणि ‘क्लाउड’ म्हणजे आभाळातला ढग नव्हे. मोठमोठ्या इमारती, त्यात रात्रंदिवस चालणारे हजारो संगणक, त्यांना वीज, थंड हवा आणि इंटरनेट. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये पुण्यात आणि ॲमेझॉननं २०१६ मध्ये मुंबईत अशी केंद्रं सुरू केली. संस्था, बँका, कंपन्या, सरकारी खाती स्वतः मशीन विकत घेण्याऐवजी तिथली जागा आणि ताकद भाड्यानं घेतात. केंद्र सरकारची स्वतःची ‘मेघराज’ नावाची क्लाउड व्यवस्थाही आहे. ट्रॅक्टर विकत घ्यायचा की भाड्यानं आणायचा, तसाच हा व्यवहार. भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याशी आपण आधी बोलून घेतो, तसा इथं एसएलए असतो.

९९.९ टक्के म्हणजे किती वेळ बंद?

करारात मोठा आकडा असतो. ९९ टक्के, ९९.५ टक्के, ९९.९ टक्के. परीक्षेत ९९ टक्के मिळाले तर पेढे वाटतात, म्हणून हा आकडा ऐकून माणूस गार पडतो. पण हिशोब उलटा करून बघा. ३० दिवसांचा महिना म्हणजे ७२० तास.

९९ टक्के चालू, म्हणजे महिन्याला ७ तास १२ मिनिटं बंद राहिलं तरी करार मोडला नाही.

९९.५ टक्के चालू, म्हणजे ३ तास ३६ मिनिटं बंद चालतं.

९९.९ टक्के चालू, म्हणजे सुमारे ४३ मिनिटं.

९९.९९ टक्के चालू, म्हणजे सव्वाचार मिनिटांच्या आसपास.

टक्क्यातला अर्धा-पाव फरक किरकोळ वाटतो, पण वेळेत तो तासांचा आहे. यात एक मोठी मेख आहे. हिशोब महिन्याचा होतो. ७ तास १२ मिनिटं महिनाभर थोडी थोडी बंद पडली काय, किंवा सगळी एकदम शेवटच्या तारखेला सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत गेली काय, कागदावर दोन्ही सारखंच. कंपनी म्हणेल, आम्ही ९९ टक्के पाळले.

सालगड्यानं वैशाखात एक खाडा करणं आणि पेरणीच्या वाफश्यावर एक खाडा करणं सारखं आहे का? शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. पण एसएलएच्या हिशोबाला वाफसा कळत नाही.

बंद असूनही ‘चालू’ कसं?

दुसरी मेख मोजण्यात आहे. गावात वीज आहे का म्हणून विचारलं तर उपकेंद्रातला माणूस म्हणतो, फीडर चालू आहे. पण आपली डीपी जळालेली असते. त्याच्या वहीत वीज आहे, आपल्या विहिरीवर नाही. क्लाउडचंही असंच होतं.

सेवा केंद्रात बसून एक साधा अर्ज भरायचा म्हटलं तरी त्यामागं पाच-सहा कड्या असतात. केंद्रातलं इंटरनेट, पोर्टल, पोर्टलचा डेटा ठेवलेली क्लाउड सेवा, आधारची पडताळणी, मोबाईलवर येणारा ओटीपी, आणि पैसे भरायचे असतील तर बँक. यातली एक तुटली तरी अर्ज पुढं सरकत नाही. समोरचा माणूस एकच शब्द वापरतो, ‘सर्व्हर डाऊन’. कागदावर मात्र क्लाउड कंपनी म्हणते आमचं मशीन सुरू होतं, पोर्टल बनवणारा म्हणतो आमचा प्रोग्राम सुरू होता, मोबाईल कंपनी म्हणते टॉवर सुरू होता. सगळेच खरं बोलतात आणि तरीही आपलं काम होत नाही.

गणितही बघा. पाच कड्या आहेत आणि प्रत्येक कडी ९९.५ टक्के चालू राहते असं धरलं, आणि त्या वेगवेगळ्या वेळी तुटल्या, तर सगळं मिळून साधारण ९७.५ टक्केच चालू राहतं. म्हणजे महिन्याला जवळपास १८ तास काम अडणार. यात एकाही कंपनीनं करार मोडलेला नसेल!

तिसरी मेख सुटीची. आधी कळवून केलेली दुरुस्ती बहुतेक करारांत खाड्यात धरत नाहीत. पोर्टलवर ‘देखभालीसाठी सेवा बंद राहील’ अशी पट्टी दिसते, तो वेळ मोजलाच जात नाही. पूर, भूकंप, युद्ध अशी कारणंही बाहेर ठेवलेली असतात. दुरुस्ती करावीच लागते, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती कोणत्या दिवशी आणि किती तास, हे करारात बांधून घ्यावं लागतं.

खाडा झाला, मग पैसे कुणाला?

ॲमेझॉनच्या ईसी-टू नावाच्या सेवेचा करार सगळ्यांसाठी खुला आहे, कुणीही वाचू शकतो. एका भागातल्या अनेक केंद्रांवर सेवा पसरून ठेवली असेल तर त्यात महिन्याला ९९.९९ टक्क्यांचं वचन आहे. त्याखाली घसरलं पण ९९ टक्क्यांपर्यंत राहिलं तर बिलाच्या १० टक्के, ९९ च्या खाली गेलं तर ३० टक्के, आणि ९५ च्याही खाली गेलं तर १०० टक्के रक्कम वळती होते.

पण ही रक्कम हातात मिळत नाही, पुढच्या बिलातून वजा होते. आपोआपही होत नाही, ग्राहकानं ठरलेल्या मुदतीत पुराव्यासह मागावी लागते. आणि ग्राहक म्हणजे जो बिल भरतो तो. बँक, कंपनी किंवा सरकारी खातं. सेवा केंद्राच्या दारात उभा असलेला माणूस त्या करारात कुठंच नाही.

समजा एखाद्या दूध संस्थेनं क्लाउडवर चालणारं सॉफ्टवेअर घेतलंय. महिन्याचं बिल ३ हजार रुपये. सकाळी संकलनाच्या वेळी दोन दिवस यंत्रणा बंद पडली. फॅट-एसएनएफची नोंद गेली नाही, रांग वाढली, दूध नासलं, दर लावताना भांडणं झाली. करारात १० टक्के भरपाई असेल तर संस्थेला मिळणार ३०० रुपये, तेही पुढच्या बिलात. नासलेल्या दुधाचे पैसे कुणीच देणार नाही. बहुतेक करारांत ‘आमची जबाबदारी बिलाच्या रकमेपुरतीच’ असं एक कलम असतं, ते याचसाठी.

एसएलए हा नुकसानभरपाईचा विमा नाही. तो सेवा देणाऱ्यावर थोडा दाब ठेवणारा कागद आहे. हे एकदा समजलं की पुढचं सोपं जातं.

मोठे मोठेही बंद पडतात

२० ऑक्टोबर २०२५. आपल्याकडं नरकचतुर्दशीचा दिवस. दुपारी अचानक जगभरातली अनेक ॲप आणि संकेतस्थळं अडकली. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया भागातल्या ॲमेझॉनच्या केंद्रात बिघाड झाला होता. एका डेटाबेस सेवेचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा चुकली आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या बाकीच्या सेवा एकामागून एक अडखळल्या. सगळं पूर्ण सुरळीत व्हायला मध्यरात्र उलटून गेली. जगातल्या सर्वांत मोठ्या क्लाउड कंपनीची ही गत, तर बाकीच्यांचं काय!

आपल्या जवळचं उदाहरण ३१ जुलै २०२४ चं. देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे डिजिटल व्यवहार अचानक थांबले. यात सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. त्यांना संगणकीय सेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीखोर हॅकरांचा हल्ला झाला होता. धोका पुढं पसरू नये म्हणून एनपीसीआयनं तिला तात्पुरतं पेमेंट यंत्रणेपासून तोडलं. दुसऱ्या दिवशी सेवा परत सुरू झाली. खातेदाराच्या बँकेची चूक नव्हती, खातेदाराची तर नव्हतीच. तरी यूपीआय चाललं नाही. आपली बँक कुणाच्या मशीनवर चालते, हे खातेदाराला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असेल.

चालू-बंदपेक्षाही मोठा प्रश्न डेटाचा. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉन शहरातल्या सरकारी डेटा केंद्राला बॅटऱ्यांमुळं आग लागली. सहाशेहून जास्त सरकारी यंत्रणा बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवण्याची ८५८ टेराबाइटची साठवण जळून गेली आणि तिची दुसरी प्रत बाहेर कुठंच नव्हती. याउलट मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गुगल क्लाउडवरचं सगळं खातंच चुकीच्या सेटिंगमुळं पुसलं गेलं. पण त्यांनी एक प्रत दुसऱ्या कंपनीकडं ठेवली होती. त्रास झाला, दिवस गेले, पण लोकांचे हिशोब वाचले.

९९.९ टक्क्यांचं वचन या दोन्ही ठिकाणी कामाचं नव्हतं. एका ठिकाणी दुसऱ्या जागी ठेवलेली प्रत कामाला आली, दुसऱ्या ठिकाणी ती नव्हती. आपली आजी बियाणं एकाच कणगीत ठेवायची नाही, त्यातलं शहाणपण हेच.

सरकारी पोर्टलचं काय?

आता मूळ दुखण्याकडं येऊ. सरकारी खातं क्लाउड घेतं तेव्हा करार होतो. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, कंपन्यांची यादी ठरवली आहे, त्यांची तपासणी होते, आणि डेटा भारतातच ठेवण्याची अट आहे. महाराष्ट्र सरकारनंही २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउड वापरण्याचं धोरण जाहीर केलं. म्हणजे खातं आणि कंपनी यांच्यात कागद आहे, दंडाची तरतूदही असते.

खातं आणि नागरिक यांच्यातही एक कागद आहे, तो म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. दाखला किती दिवसांत द्यायचा हे त्यात अधिसूचित केलं जातं. अर्जाची पोच अर्ज क्रमांकासह मिळाली पाहिजे. मुदतीत काम झालं नाही किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं, त्यानंतर दुसरं, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडं तिसरं. कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खरं तर हा नागरिकांचा एसएलएच आहे, आणि चांगला आहे.

मग अडलं कुठं? हे घड्याळ अर्ज दाखल झाल्यावर सुरू होतं. पोर्टलच उघडत नाही, अर्जच जात नाही, पोचच मिळत नाही, तर घड्याळ सुरूच होत नाही. कंपनी आणि खातं यांच्यातला खाडा मोजला जातो. खातं आणि नागरिक यांच्यातला उशीर मोजला जातो. पण पोर्टल बंद असल्यानं दारातूनच परत गेलेला माणूस या दोन्ही हिशोबांत येत नाही. त्याची मजुरी बुडाली, एसटीचं भाडं गेलं, पण नोंद कुठंच झाली नाही.

मग आपल्याला मिळतं काय? मुदतवाढ. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विम्यासाठी झुंबड उडाली, पोर्टलच्या तक्रारी आल्या आणि ३१ जुलैची तारीख ३ ऑगस्ट झाली. २०२४ मध्ये १५ जुलैची तारीख ३१ जुलै झाली. हे फक्त शेतकऱ्यांचंच नाही. २०२५ मध्ये प्राप्तिकराचं विवरणपत्र भरण्याची मुदत १५ सप्टेंबरला संपणार होती, पोर्टलच्या तक्रारी वाढल्या आणि रात्री उशिरा एक दिवस वाढवून दिला गेला.

मुदतवाढ मिळाली हे चांगलंच. पण ती मेहेरबानी म्हणून मिळते, नियम म्हणून नाही. शेवटच्या दिवसापर्यंत जाहीर होत नाही, त्यामुळं माणूस रात्रभर केंद्रावर बसून राहतो. ज्याच्यापर्यंत बातमी पोचली त्याला फायदा, ज्याच्यापर्यंत पोचली नाही तो राहिला. आणि ज्या योजनेबद्दल बोंब झाली नाही, तिथं वाढही होत नाही.

एका ठिकाणी नियम झालाय

‘हे तंत्रज्ञान आहे, त्यात असं चालायचंच’ असं कुणी म्हणत असेल तर त्याला रिझर्व्ह बँकेचं उदाहरण द्या. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानं फसलेल्या व्यवहारांसाठी दिवस ठरवून दिले आहेत.

एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून कापले गेले, तर व्यवहाराचा दिवस सोडून ५ दिवसांच्या आत ते परत जमा झाले पाहिजेत.

यूपीआयनं एखाद्याला पैसे पाठवले, आपल्या खात्यातून गेले पण त्याच्या खात्यात पडले नाहीत, तर पुढच्या दिवसापर्यंत परत आले पाहिजेत. दुकानदाराला पैसे देताना अडकले तर ५ दिवस.

त्यापुढं उशीर झाला तर रोजचे १०० रुपये ग्राहकाला द्यायचे. आणि ग्राहकानं तक्रार केली नाही तरी द्यायचे, असं त्यात आहे.

बघा, इथं सर्व्हर कुणाचा, क्लाउड कुणाचं, कोणती कडी तुटली, हे खातेदारानं शोधायचं नाही. ते बँकांनी आपसात बघायचं. ग्राहकाला ठरलेल्या दिवशी पैसे मिळाले पाहिजेत, नाहीतर दंड. विजेच्या बाबतीतही राज्य वीज नियामक आयोगानं कामाच्या मुदती आणि भरपाई नियमात लिहून ठेवली आहे. मिळवायला पाठपुरावा करावा लागतो हे खरं, पण निदान मागायला आधार आहे. सरकारी पोर्टलच्या बाबतीत असा आधार का नसावा?

संस्था, पतसंस्था, शेतकरी कंपन्यांनी काय बघावं?

गावोगावी दूध संस्था, पतसंस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या, खत-बियाण्यांची दुकानं आता क्लाउडवरचं सॉफ्टवेअर घेतात. विकणारा लॅपटॉपवर सगळं चकाचक दाखवतो. चेअरमन-सचिवांनी सही करण्याआधी एवढं विचारावं.

१. महिन्याला किती टक्के चालू राहणार? तोंडी नको, लेखी. टक्क्यांचे तास करून दाखवा म्हणावं.

२. आमच्या कामाच्या वेळेत किती चालू राहणार? दूध संकलन सकाळ-संध्याकाळ असतं. दुरुस्ती त्या वेळेत होणार नाही, असं लिहून घ्या.

३. बंद पडलं तर फोन कुणाला, किती वेळात उचलणार, किती तासांत दुरुस्त करणार? ‘लवकरात लवकर’ हा शब्द करारात चालत नाही.

४. डेटाची दुसरी प्रत कुठं आणि किती वेळानं घेतली जाते? रोज रात्री घेत असतील तर दिवसभराच्या नोंदी जाऊ शकतात, हे समजून घ्या. वर्षातून एकदा ती प्रत उघडून दाखवायला सांगा. न उघडलेल्या प्रतीवर भरवसा ठेवू नका.

५. करार संपला किंवा भांडण झालं तर आमचा डेटा आम्हाला कोणत्या रूपात, किती दिवसांत मिळणार? हिशोब सभासदांचा आहे, सॉफ्टवेअरवाल्याचा नाही.

६. वाद झाला तर कोर्ट कुठलं? छापील करारात बऱ्याचदा लांबच्या शहराचं नाव असतं. ३०० रुपयांसाठी बेंगळुरूला कोण जाणार? आणि धंद्यासाठी घेतलेल्या सेवेला ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार मिळण्यात अडचण येते, कारण व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा त्याच्या व्याख्येबाहेर आहे. म्हणून करारातला शब्द जास्त महत्त्वाचा.

७. आणि शेवटचं, विकणाऱ्याला नाही तर स्वतःला विचारा. बंद पडलं त्या दिवशी आपल्याकडं वही आहे का? ज्या संस्थेनं कागदाची वही बाजूला तयार ठेवली, तिचं संकलन थांबत नाही.

साध्या माणसानं काय करावं?

काम झालं नाही तर हात हलवत परत येऊ नका, पुरावा घेऊन या. पोर्टल उघडलं नाही तर स्क्रीनचा फोटो काढा, त्यात तारीख आणि वेळ दिसू द्या. पैसे कापले गेले तर व्यवहार क्रमांक जपून ठेवा. केंद्रचालकाला दोष देऊन उपयोग नाही, बहुतेक वेळा तोही तुमच्यासारखाच अडकलेला असतो. पण त्याच्याकडून तारीख टाकून एक ओळ लिहून घ्या.

लोकसेवा हक्क कायद्यातल्या सेवेसाठी पोर्टल अडलं असेल तर संबंधित कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच मागा. पोच मिळाली की तुम्ही कधी गेला होतात याचा कागद तुमच्या हातात राहतो. आणि मुदत संपायच्या आठ-दहा दिवस आधी काम उरकायचा प्रयत्न करा. हे उपदेशाचं वाटेल, पण शेवटच्या दोन दिवसांत सगळा महाराष्ट्र एकाच दारातून आत घुसत असतो.

मागणी काय करायची?

आमदार, जिल्हाधिकारी, ग्रामसभा, जिथं बोलता येईल तिथं तीन गोष्टी मागता येतील.

पहिली : प्रत्येक सरकारी पोर्टल महिन्यात किती तास बंद होतं, कोणत्या दिवशी बंद होतं, हे त्याच पोर्टलवर जाहीर करा. एनपीसीआय कोणत्या बँकेचे किती यूपीआय व्यवहार तांत्रिक कारणानं फसले याची आकडेवारी दर महिन्याला देते. मग पोर्टलची का नाही?

दुसरी : मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात पोर्टल ठरावीक तासांहून जास्त बंद राहिलं तर तेवढे दिवस आपोआप वाढतील, असा नियम करा. घोषणेची वाट बघायला लावू नका.

तिसरी : कंपनीशी करार करताना सरसकट महिन्याची टक्केवारी नको. शेवटच्या तारखेच्या आठवड्यासाठी वेगळी, कडक अट आणि जास्त दंड ठेवा. गर्दी कधी होणार हे सरकारला आधीच माहीत असतं, तारीख तेच ठरवतात. क्लाउडचा फायदाच हा की गर्दीच्या दिवसांपुरती ताकद वाढवून घेता येते. मग ती वाढवलेली का नसते, हा प्रश्न विचारायलाच हवा.

यातलं काहीही अशक्य नाही. बँकांच्या बाबतीत ते कागदावर आलेलं आहे.

सालगड्याचा खाडा मालक वहीत मांडतो, कारण वही मालकाकडं असते. सर्व्हरच्या खाड्याची वही सध्या कंपनी आणि खात्याकडं आहे. दिवस आपला बुडतो, तर ती वही आपल्यालाही बघायला मिळाली पाहिजे. पुढच्या वेळी “सर्व्हर डाऊन आहे, उद्या या” असं कुणी म्हणालं तर एवढंच विचारा : “किती वाजल्यापासून बंद आहे? आणि हे कुठं लिहून ठेवलंय?”